हवा भरेपर्यंत

परवा दौंडच्या डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "व्यायाम वगैरे काही?"

"करायचो," मी म्हणालो.

"किती वेळ?"

"गाडीची हवा भरेपर्यंत."

डॉक्टरांना वाटलं मी सायकलबद्दल बोलतोय. सायकल चांगली, असं म्हणून त्यांनी गोळी लिहून दिली. मी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं म्हणजे बबनमामांची सगळी हकिकत सांगावी लागली असती आणि बाहेर नऊ पेशंट बसले होते. इथं कुणी खोळंबलेलं नाही, म्हणून सांगतो.

मी कारेगावजवळच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. कोण किती वाजता आला, कोण किती वाजता गेला, हे बघणं माझं काम. गाव माझं केंदूर. पण बायको वरवंडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून बिऱ्हाड वरवंडला. हायवेच्या कडेच्या मोकळ्या मैदानात कंपनीची बस रात्रभर उभी असायची. सकाळी सव्वासहाला सुटायची, चौफुल्याला वळायची आणि न्हावऱ्याच्या रस्त्यानं आम्हा चाळीस जणांना आठच्या आत कारखान्यात पोचवायची. दौंडकडची माणसं मोटारसायकली मैदानात लावून तिच्यात बसायची. बबनमामा त्या बसचे ड्रायव्हर.

पहिल्या दिवशी मी सहा वाजून पाच मिनिटांनी तिथं पोचलो, तर बसमध्ये कोणी नव्हतं. बस चालू होती, दिवे लागलेले होते आणि दिव्यांच्या उजेडात तीसेक माणसं एका ओळीत खाली-वर होत होती. कुणाच्या गळ्यात कंपनीचं कार्ड, कुणाच्या काखेत डबा. समोर एक छप्पन-सत्तावन्न वर्षांचा, उभ्या बांधणीचा माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर पंचा, पाय उघडे. तो स्वतः बैठका मारत होता आणि मोजत होता. मला वाटलं, इथं काहीतरी शिक्षा चालली आहे.

"नवीन का?" बबनमामांनी मोजता मोजता विचारलं. "डबा ठिव खाली आन् लाग."

मी सांगितलं की मी टाइम ऑफिसचा आहे. मला वाटलं, त्याने काही फरक पडेल.

"मंग टायमात वाक."

जुन्या बसचं एक असतं. रात्रभर उभी राहिली की तिच्या ब्रेकची हवा उतरते. सकाळी इंजिन चालू करून टाकीत हवा भरेपर्यंत थांबावं लागतं. केबिनमधल्या हवेच्या घड्याळाचा काटा वर सरकत जातो आणि हवा पुरी भरली की गाडीच्या पोटाखालून 'फुस्स' असा मोठा आवाज येतो. त्याआधी गाडी हलवायची नाही, कारण ब्रेकच लागत नाही. पाच-सहा मिनिटांचं हे काम. दुसरे ड्रायव्हर तेवढ्यात तंबाखू मळतात. मामा बैठका मारायचे. आधी एकटे मारायचे म्हणे. मग वाट बघत उभ्या असलेल्यांना बोलवायला लागले. "थंड इंजिन आन् थंड माणूस पळवू न्हाई," असं त्यांचं म्हणणं होतं. "येकाचं ब्लॉक फुटतं, दुसऱ्याचं डोकं."

वीस बैठका पुरुषांना. पॅकिंगला जाणाऱ्या सात बायका होत्या; त्यांनी बसभोवती दहा फेऱ्या मारायच्या. त्यांच्यातल्या सिंधूताई तोंडाला फटकळ. त्या म्हणायच्या, "वडाला सात मारल्या तर ह्योच नवरा पदरात पडला. आता गाडीला दहा मारतीय. बघू ड्रायव्हर तरी बदलतोय का."

मामा हसायचे आणि त्यांना अकरावी फेरी लावायचे.

टायर तपासायला मामांकडे बाभळीचा एक दांडका होता. निघायच्या आधी सहाही टायर ते दांडक्यानं ठोकून बघायचे आणि आवाजावरून सांगायचे, हवा कमी की बरोबर. सातवा ठोका माझ्या पोटावर पडायचा. जोरात नाही, पण टायरला मारतात तितकाच. कान देऊन ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "ह्येच्यात जास्त हाय." चाळीस माणसं त्याच विनोदाला रोज हसायची. मी पण हसायचो. ग्रॅज्युएट माणसाला स्वतःवर हसता आलं पाहिजे, असं मी कुठंतरी वाचलं होतं.

मला ते नावानं कधी हाक मारत नसत. 'ग्रॅज्युएट' म्हणत. आमच्या घरात मी पहिला बी.ए., हे मी पहिल्या आठवड्यातच त्यांना सांगून टाकलं होतं. कुणी विचारलेलं नसताना हे सांगायची मला खोड आहे. नंतर ते नाव माझ्या मानेवर बसलं. "ग्रॅज्युएट, टाच टेकव." "ग्रॅज्युएट, खाली म्हंजी खाली, डिग्री फाटत न्हाई." कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझी साखर बॉर्डरवर आहे असं निघालं, तेव्हा मला त्यात थोडी शानच वाटली होती, शिकलेल्या माणसांचा आजार. मामांना सांगितलं तर म्हणाले, "बॉर्डरवर जवान उभं ऱ्हात्यात. तू बसलायस."

आमच्या घरी व्यायाम हा शब्द पोचायच्या कितीतरी आधी घाम पोचला होता. आई-वडील दुसऱ्यांच्या रानात कामाला जायचे. मी फोनवर दादांना, म्हणजे वडिलांना, मोठ्या कौतुकानं सांगितलं की मी रोज सकाळी वीस बैठका मारतो. ते काळजीच्या आवाजात म्हणाले, "कुणाचं रान खुरपतोस?" मी म्हणालो, कुणाचं नाही, नुसत्याच मारतो. "मंग उठतोस कशाला?" ते म्हणाले. "बसलायस तर बस की. बसायसाठीच शिकवला."

आता मोजण्याची गोष्ट. मामा 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. त्यांच्या घरी खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणायची रीत नव्हती, लाभ म्हणायचं. "येक म्हनलं की येकच ऱ्हातं," हे त्यांचं कारण. आम्हा गावाकडच्यांना हे ऐकून माहीत होतं. पण आमच्यात बिहारचा रामप्रवेश होता. तो डिस्पॅचला होता, नवीन आला होता आणि मराठी शिकायची त्याला मनापासून हौस होती. मराठीचे आकडे तो मामांच्या बैठकांवर शिकला. महिनाभरानं कारखान्याच्या गेटवर चहावाल्याला तो अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला, "दादा, लाभ चहा द्या."

चहावाल्याला कळेना. रामप्रवेशनं एक बोट वर केलं आणि सावकाश, समजावून सांगितलं, "लाभ. दोन नाही. लाभ."

त्यानं डिस्पॅचच्या चलनावरही अक्षरात 'लाभ पेटी' लिहिली होती, ते आमच्या साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, हे काय आहे. मी मराठीचा पदवीधर असल्यामुळं खळं, माप, लोकरीती यांवर दहा मिनिटं बोललो. साहेब म्हणाले, "ते ठीक आहे. पेटी एक आहे ना?"

गेटवर अजूनही कुणी 'लाभ चहा' म्हटलं तर एकच चहा येतो. भाषेला आम्ही दिलेलं हे योगदान.

ही गंमत मी दादांना सांगितली. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "लाभ ठाव हाय मला. लई ऐकलाय. आपला बाप राशीच्या पल्याड उभा असायचा, पदर पसरून. मापं मोजून झाल्यावर ऱ्हायलं तर आपल्याला. लाभ त्यांचा व्हायचा." एवढंच म्हणाले आणि म्हशीच्या पाण्याचं काहीतरी बोलायला लागले.

हे मी मामांना का सांगितलं, मला आजही नीट सांगता येणार नाही. चौफुल्याच्या वळणावर, अगदी सहज सांगितल्यासारखं सांगून टाकलं. मामा तीन एकरांचे का होईना, खळ्याचे मालक होते; माप त्यांच्या घरात होतं. ते न्हावऱ्यापर्यंत गिअर बदलत राहिले. मला वाटलं, उगाच बोललो.

दुसऱ्या दिवशी सगळे ओळीत उभे राहिले. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "आजपास्नं लाभ तू म्हनायचा. दोनपास्नं मी."

एवढंच. कारण दिलं नाही, भाषण केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणाले, "ग्रॅज्युएटचा आवाज चांगला हाय. तेवढंच चांगलं हाय त्येचं." त्या दिवसापासून रोज सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी वरवंडच्या मैदानात मी मोठ्यानं 'लाभ' म्हणायचो आणि त्यानंतर तीसेक माणसं खाली बसायची.

इतका मान मिळाल्यावर एखाद्यानं मन लावून बैठका मारल्या असत्या. मी गुडघा दुखत असल्याचं सांगितलं.

गुडघा दुखत नव्हता. पावसाळा संपला होता, सकाळी गार वाटायला लागलं होतं, आणि केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट इंजिनमुळं छान उबदार असते, हे मला कळलं होतं. मी गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलं. एक दिवस उजव्या आणि एक दिवस डाव्या गुडघ्याला बांधलं, हे सिंधूताईंनी सगळ्यांना दाखवून दिलं, तरी मामांनी मला केबिनमध्ये बसू दिलं. "बस. लाभ तेवढा दे," म्हणाले. मग मी काच खाली करून आतूनच 'लाभ' म्हणायचो, काच वर करायचो, आणि उरलेले एकोणीस आकडे लोक बाहेर थंडीत भोगायचे. फोनमध्ये मी पावलं मोजणारं ॲप घेतलं होतं. न्हावऱ्याच्या रस्त्याला इतके खड्डे होते की बसल्या बसल्या माझी दोन-अडीच हजार पावलं व्हायची. तो आकडा मी बायकोला दाखवायचो.

दिवाळीच्या आधी साखर कारखान्यांची धुराडी पेटली आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्या. आमच्याकडे ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या असतात, ऊस बाहेर लोंबत असतो आणि मागे दिवा नसतो. असला तरी उसात झाकलेला असतो. अंधारात ती ट्रॉली म्हणजे अंधाराचाच एक जाड तुकडा. एका सकाळी चौफुल्याच्या पुढं मामांनी इतका जोरात ब्रेक मारला की माझं कपाळ पुढच्या काचेला लागलं आणि मागे डबे घरंगळले. ट्रॉली आमच्यापुढं दोन हातांवर होती. उसाची पानं काचेला घासली.

"झोप उडाली का सगळ्यांची?" मामा मागे वळून म्हणाले. सगळे हसले. मी केबिनमध्ये होतो, म्हणून मला दिसलं. समोरची काच ते आतून पंच्यानं पुन्हा पुन्हा पुसत होते. मला वाटलं, वाफ.

त्या आठवड्यापासून बैठका वाढल्या. वीसच्या तीस झाल्या, मग चाळीस. बायकांच्या फेऱ्या वीस. एकदा फुस्स झाल्यावर लोक दाराकडे निघाले तर मामा म्हणाले, "थांबा. थंडीत येका फुसकीत हवा पक्की होत न्हाई. दुसऱ्यांदा फुसकू द्या." डिसेंबर लागला तेव्हा तिसऱ्या फुसकीवर गाडी निघू लागली. तोवर पूर्वेला फटफटलेलं असायचं. आम्ही आठच्या ठोक्याला, कधी आठ वाजून चार मिनिटांनी, कधी सातनं पोचायला लागलो.

हे नोंदवणारा मीच. 'बस क्रमांक तीन, विलंब सात मिनिटे, कारण : थंड हवामानामुळे ब्रेक प्रणालीत हवा भरण्यास लागणारा अधिक वेळ.' हे वाक्य मी स्वतः तयार केलं होतं आणि ते मला आवडलं होतं. अकरा वेळा लिहिलं. शिकलेल्या माणसाला न कळलेली गोष्ट नीट लिहिता येते.

मग एके दिवशी मी ते बघितलं. बाहेर बैठका चालल्या होत्या. मी उबेला बसून घड्याळाच्या काट्याकडे बघत होतो, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. काटा वर गेला, फुस्स झालं. मामा मोजत मोजत ड्रायव्हरच्या दाराशी आले. दार उघडलं, बाहेर उभ्या उभ्या एक पाय आत घातला आणि ब्रेकचं पायडल दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. सोडलं. सात-आठ वेळा. प्रत्येक वेळी काटा खाली खाली आला. मग दार लावून ते परत गेले, "एकवीस," म्हणत.

भरलेली हवा ते घालवत होते.

मला कळायला वेळ लागला. माझा मेंदूही सकाळी लगेच भरत नाही. त्या दिवशी गाडी निघाली तेव्हा मी पहिल्यांदा रस्त्याकडे न बघता मामांकडे बघितलं. उजाडलेलं होतं तिथवर ते नेहमीसारखे बसले होते. चौफुल्याच्या पुढं चिंचांच्या दाट झाडीखाली अंधार लागला, तसे ते पुढं सरकले, छाती स्टेअरिंगला टेकेपर्यंत. झाडी संपली, मागे झाले. पुन्हा झाडी, पुन्हा पुढं. त्यांना हवा नको होती. उजेड हवा होता. परतीच्या फेरीला तो मिळायचा, आम्ही चारलाच सुटायचो. चाळीस माणसांना त्यांनी दीड महिना उजाडेपर्यंत खाली-वर केलं होतं, आणि बैठका न मारणारा एकटा मीच असल्यामुळं ते एकट्या मलाच कळलं होतं. आळसाचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग.

मी कुणाला सांगितलं नाही. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. सांगितलं तर मामांचं काम जाणार, आणि न सांगितलं तर मागे चाळीस माणसं बसलेली. मी केबिनमध्ये डोळे फाडून बसायचो आणि लांबून ट्रॉली दिसली की आपला सहज बोलल्यासारखं म्हणायचो, "यंदा ऊस बरा दिसतोय." मामा ब्रेकवर पाय ठेवायचे. चार दिवसांत मी ऊस बरा असल्याचं इतक्यांदा म्हणालो की मामांना कळलं असणारच.

शनिवारी साहेबांचा आदेश आला. सोमवारपासून बस क्रमांक तीन बरोबर सव्वासहाला सुटलीच पाहिजे. अन्यथा कंत्राटदारानं ड्रायव्हर बदलावा. तो आदेश टाइप मीच केला आणि संध्याकाळी मामांच्या हातात दिलाही मीच. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं हाय."

रविवारभर मी बोलायच्या वाक्यांची तयारी केली. 'मामा, आपल्या प्रकृतीच्या दृष्टीने' असं एक होतं. 'सर्वांच्या सुरक्षिततेचा विचार करता' असं एक होतं. बायकोनं ती ऐकली आणि म्हणाली, "हे त्यांच्याशी बोलायचंय की त्यांना नोटीस द्यायचीय?"

सोमवारी धुकं होतं. मी लाभ म्हणालो, मामांनी वीसपर्यंत मोजलं, फुस्स झालं आणि सहा वाजून बारा मिनिटांनी ते म्हणाले, "चला, बसा." सगळे चढले. दुसरी फुसकी नाही, म्हणून लोक खूश होते. मामा पाय धुऊन, पंच्यानं पुसून आत आले. स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला. समोर दिव्यांचा उजेड धुक्यात चार हातांवर संपत होता. त्यांनी गिअरवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

माझी सगळी वाक्यं गेली. मी म्हणालो, "मामा, मोजा अजून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "कुठवर मोजू?"

"उजाडेपर्यंत."

मागे कुणीतरी मोबाइलवर बातम्या लावल्या होत्या. सिंधूताई कुणाला तरी सरकून बसायला सांगत होत्या. मामांचा हात गिअरवरून खाली आला.

"तुला कवापास्नं ठावं?"

"बुधवारपासून."

"मला गणपतीपास्नं," ते म्हणाले. "समोरचं दिसतंय रे. कडंचं दिसत न्हाई. आन् अंधारात सगळंच कडंचं हाय." मग थोड्या वेळानं, "थांबून न्हेत हुतो तुम्हास्नी. अंधारात न्हेलं न्हाई."

"मला माहितीये."

ते उठले, मागे तोंड करून उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हवा उतरली. खाली या सगळे." बसमध्ये जो ओरडा झाला तो मी इथं लिहीत नाही, सिंधूताईंचा तर नाहीच. मी पहिल्यांदा उतरलो. गुडघ्याचं बँडेज सोडून खिशात घातलं आणि ओळीत उभा राहिलो.

"लाभ," मी म्हणालो.

मामा मोजत राहिले. पन्नास झाल्यावर लोकांनी शिव्या देणं थांबवलं, दम पुरेना. सत्तरला रामप्रवेश बसला तो उठलाच नाही. मी बत्तिसाव्याला आडवा झालो होतो, पण उतरलो होतो, हे नमूद करतो. सात वाजता धुक्यातून हायवेवरच्या ट्रकांचे रंग दिसायला लागले. मामांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघून घेतलं, टायर ठोकले, माझ्या पोटावर दांडका न मारता आत चढले आणि आम्हाला कारखान्यात नेलं. इतकी सावकाश, इतकी सुरेख गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती.

आठ वाजून सव्वीस मिनिटांनी पोचलो. साहेब गेटवर उभे होते. मामा सरळ टाइम ऑफिसमध्ये आले, अनवाणी, आणि मागोमाग आलेल्या साहेबांसमोर चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"डोळं गेलं, साहेब," ते म्हणाले. "अंधारात दिसत न्हाई. हवेचं खोटं हुतं. ब्रेक दाबून घालवत हुतो."

साहेबांनी चावीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही तर रोज पुढंच बसता. तुमच्या लक्षात आलं नाही?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, देव जाणे आणि मीही जाणतो. मी खरं बोलणार नव्हतो. पण खोटं बोलायचीही वेळ मामांनी माझ्यावर येऊ दिली नाही.

"त्यांना काय ईचारता?" ते म्हणाले. "त्ये बसलं की घोरत्यात. बघा की, झोपंचंच शरीर हाय."

साहेबांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि त्यांना पटलं. एका क्षणात पटलं, याचं मला अजून वाईट वाटतं. मी खाली मान घालून रजिस्टरमध्ये बघत राहिलो. मामा गेले तेव्हा सहीपण करून गेले नाहीत. 'बाहेर जाण्याची वेळ' हा रकाना मी भरला.

दौंडला मामांचे डोळे तपासले. काचबिंदू निघाला. आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही, असं सांगितलं. बातमी बसमध्ये पोचली त्या दिवशी सिंधूताई केबिनच्या मागच्या सीटवर बसून होत्या. म्हणाल्या, "मी आपली गमतीनं म्हनत हुते वो, ड्रायव्हर बदलू दे म्हनून." आणि न्हावऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आता बस नवीन आहे. बटणावर चालू होते, मिनिटभरात हवा भरते. ड्रायव्हर तरुण आहे, चांगला आहे, कानात वायर घालतो. लोक येतात, बसतात, फोन बघतात. मैदानात कुणी खाली-वर होत नाही. मीही नाही. पण डॉक्टरांनी ती गोळी लिहून दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी मैदानात पोचलो. कुणी बघू नये म्हणून बसच्या मागच्या बाजूला गेलो. बसचे मागचे लाल दिवे तेवढे लागलेले, बाकी गडद अंधार. चपला काढल्या. इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात सुरुवात केली.

"एक."

"येक न्हाई," अंधारातून आवाज आला.

मामा मैदानाच्या कडेच्या डेअरीच्या भिंतीला हात लावून उभे होते. दुसऱ्या हातात दुधाची किटली. घरापासून डेअरीपर्यंत भिंतीभिंतीनं येत असावेत. लाल उजेडात ते थोडे वाळलेले दिसले.

"मामा, मी कोण, ओळखलंत?"

"धापंवरनं," ते म्हणाले. "बैठकीआधीच धाप लागणारा वरवंडात येकच हाय." मग किटली खाली ठेवली. "म्हन."

"लाभ," मी म्हणालो.

"दोन," मामा म्हणाले.

तीनला टाच उचलली गेली. ती त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. "टाच," ते म्हणाले. दहाला मांड्या पेटल्या. पंधराला मी बसचं बंपर धरलं. अठरा झाल्या आणि पुढून हॉर्न वाजला. पोरगा वेळेचा पक्का आहे.

"मामा, गाडी निघाली. दोन राहिल्या."

"जा तू," ते म्हणाले.

मी चपला हातात घेऊन पळालो, दारात चढलो आणि धापा टाकत मागच्या काचेशी गेलो. बस हळूहळू मैदानातून बाहेर पडत होती. मागच्या दिव्यांच्या लाल उजेडात मामा अजून दिसत होते. त्यांनी भिंतीवरचा हात काढला, दोन्ही हात पुढं केले आणि खाली बसले. टाच टेकलेली. उठले. पुन्हा खाली बसले, पुन्हा उठले. मग वाकून, हातानं चाचपत, त्यांनी किटली शोधली.